दवाखान्याच्या सांडपाण्यातलं मायक्रोप्लास्टिक : या चुका टाळा

नाशकातल्या दवाखान्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, बघत फिरणं हे माझं काम. त्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकची, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक कणांची आणि तंतूंची, गोष्ट निघाली की मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत कुठेही जा, चुका त्याच.

पहिली सॅम्पल घेण्यातली. एका ठिकाणचा नवा केमिस्ट धावत आला, "सर, आउटलेटला निळे तंतूच तंतू! प्लांट गेला." म्हटलं, सॅम्पल कसं घेतोस ते दाखव. गड्याने प्लास्टिकची बादली टाकीत सोडली, निळ्या नायलॉनच्या दोरीने. दोरी काठाला घासत होती आणि काठावर निळा भुगा साचलेला. अंगात पॉलिएस्टरचं जर्किन. दोन महिन्यांचे रिपोर्ट रद्दीत! तेव्हापासून माझ्या पिशवीत स्टीलचा डबा, सुतळी आणि काचेच्या बाटल्या असतात. शिवाय गाळलेल्या पाण्याची एक बाटली तिथेच तेवढाच वेळ उघडी ठेवतो आणि तीही तपासतो. तिच्यात जे निघेल ते आपलं, दवाखान्याचं नाही.

तपासताना प्लास्टिक वेगळं करायला सॅम्पल मिठाच्या पाण्यात घालतात; त्यात तरंगलं तेवढंच मोजू नका. मास्कचं पॉलिप्रॉपिलीन वर येतं, पीव्हीसी तळाला बसतं.

हायपोने (जंतुनाशक क्लोरीनच्या द्रावणाने) जंतू मरतात, प्लास्टिक जागचं हलत नाही.

बार स्क्रीन, म्हणजे कचरा अडवणारी सुरुवातीची गजांची जाळी, 'सारखी चोकअप होते' म्हणून काढून ठेवणाऱ्यांनी पंप उघडून इंपेलरला (आतल्या फिरत्या पंख्याला) गुंडाळलेल्या मास्कच्या नाड्या स्वतः सोडवाव्यात.

लाँड्रीचं पाणी थेट टाकीत घेऊ नका. चादरी, पडदे, गाऊनमधलं पॉलिएस्टर तिथेच सुटतं. मी पाइपच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी लावतो. तिच्यावरचा लगदा रोज खरवडून डब्यात टाकायचा. जाळी नळाखाली धुऊन लगदा परत गटारात सोडणारे महाभागही पाहिलेत. हे न करता लोक आधी विचारतात, "एमबीआर (मेम्ब्रेनने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याने, पाणी गाळणारा प्लांट) बसवू का?" बसवा, मेम्ब्रेन चांगलंच गाळतं, पण लाँड्रीचे धागे त्याच्यावर जटा धरतात.

बारीक कण गोळा होऊन खाली बसावेत म्हणून घालतात ती तुरटी अंदाजपंचे ओतू नका. जास्त टाकली की पीएच घसरतो (पाणी आम्लधर्मी होतं) आणि कणांच्या गाठी नीट धरत नाहीत. सहा बीकरांत पाणी घ्या, प्रत्येकात तुरटी वेगवेगळी टाका, मिनिटभर जोरात ढवळा, वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास हात लावू नका; ज्यात पाणी सगळ्यात नितळ तेवढीच तुरटी. या अर्ध्या तासाचाच कुणाला धीर निघत नाही.

आणि गाळ. पाण्यातून काढलेलं प्लास्टिक जातं कुठे? बरंचसं गाळातच. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत मायक्रोप्लास्टिकची मर्यादा नाही, पण ईटीपीचा गाळ जाळायला दवाखान्यांच्या कचऱ्याच्या सामाईक केंद्राकडे किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राकडे द्या, हे स्पष्ट लिहिलंय. तरी एका दवाखान्यात तो गेटजवळच्या गुलाबांना घातलेला. काडीने ढेकूळ फोडलं तर आत गाऊनचे हिरवे धागे. माळीबुवा म्हणाले, "साहेब, फुलं बघा ना काय आलीत." कुंड्या अजून तिथेच आहेत, पावसाचं पाणी त्यांच्यावरून नासर्डी नदीकडे जातं.