आधी रांगोळी, मग वही

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात आमच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, मी 28 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. घरोघर जाणं हे माझं कामच, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवायचं मनात आलं. पहिले सहा महिने मात्र वही वाया गेली. "आजी, जुन्या काळी कसं होतं?" असं विचारलं की सगळीकडून एकच उत्तर यायचं, "लय गरिबी होती बाई, पन मानसं चांगली होती." त्यापुढे काही नाही.

मग एका दुपारी एका अंगणात मी रांगोळीने तलावाची पाळ आणि टोल्याचा रस्ता काढला. विचारलं, तुम्ही नवरी होऊन आलात तेव्हा इथे कोणाचं घर होतं? आजी उठल्या आणि पायाच्या अंगठ्याने माझी रेघ पुसून टाकली. "रस्ता इकडून नोहता बाई, चिंचेखालून होता." शेजारच्या काकू आल्या, त्यांनी चिंच दोन हात सरकवली. अर्ध्या तासात अंगणात चौदा घरं, दोन विहिरी, कोंडवाडा आणि आखर, म्हणजे गुरं गोळा करायची जागा, उभी राहिली. तुम्हीही असंच करा. आधी जागा विचारा, मग काम, मग माणसं. वर्ष सगळ्यांत शेवटी.

काम विचारायचं म्हणजे बारीक विचारायचं. आमच्याकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली आणि ते तलाव सरकारकडे आले. "तलावाबद्दल सांगा" म्हटलं तर कोणी बोलत नाही. तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं दार) कोण उघडायचं, पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) जायचं, पावसात पाळ खचू लागली की माती टाकायला कोण धावायचं, असं विचारा. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत शिंगाड्याचं विचारा, आणि कोणती मासोळी आता जाळ्यात येत नाही तेही. एका आजोबांनी मला नऊ माशांची नावं सांगितली. त्यातली चार मी आधी कधी ऐकली नव्हती.

रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत कोणाकडे जाऊ नका. मोहफुलं वाळत घातली असतात तेव्हा जा आणि हात रिकामे ठेवू नका, सोबत निवडायला बसा. सगळ्यांत चांगले दिवस दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, कारण तेव्हा लेकी माहेरी येतात. गावात राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोज नवं गाव येतं आणि जुनं खाली दबतं. लग्न होऊन गेलेल्या बाईजवळ ती गेली त्या दिवशीचं गाव तसंच असतं. त्यांना विचारायचं सहसा कोणाला सुचत नाही.

सन कोणाला आठवत नाही, पण बाबासाहेब भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे होते (1954), नागझिरा अभयारण्य झालं (1970), दुष्काळ पडला (1972), हे आठवतं. सौंदडहून छोटी गाडी (नॅरोगेज रेल्वे) जायची तेही आठवतं. "त्याच्या आधी की नंतर?" एवढंच विचारा. नंतर कागदांशी ताडून पाहा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी) आणि निस्तार पत्रक बघा. गावातल्या लाकडावर, चराईवर कोणाचा काय हक्क, ते निस्तार पत्रकात असतं. आखर कुठे होती हा आमचा वाद त्यावरूनच मिटला.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. पहिली बैठक मी एका मोठ्या घराच्या छपरीत घेतली. खालच्या टोल्यातल्या बाया आल्या, कडेला बसल्या आणि एक शब्द न बोलता गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात एक मावशी बोलल्या. विहिरीशी गुंड (पाण्याचं भांडं) घेऊन त्या तासन्‌तास उभ्या राहायच्या, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. रांगोळीत दोन विहिरी का निघाल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. म्हणून प्रत्येक वस्तीत तिच्याच अंगणात बसा. मावशी म्हणाल्या, "माह्यं नाव लिव, त्यायचं नोको लिवू." मी तसंच केलं. लिहून झालेलं घरी जाऊन वाचून दाखवायचं आणि काढा म्हटलं ते काढायचं. ही पायरी वेळ खाते, पण चुकवू नका.

मोबाईलवर आवाज घ्याल तर आधी विचारा. सुरुवातीला नाव, तारीख आणि जागा स्वतःच्या तोंडाने बोला, नाहीतर वर्षभराने कोणाचा आवाज ते कळत नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी गावातल्याच दुसऱ्या घरी. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, नावानिशी.

रांगोळीचा फोटो काढून तो नकाशा मोठ्या चार्टपेपरवर उतरवा आणि जिथे सगळे येतात तिथे लावा. आमचा अंगणवाडीच्या भिंतीवर आहे. शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे, ज्याला जे चुकलेलं वाटतं तो तिथेच दुरुस्ती करतो. खोडरबर ठेवू नका. नवी रेघ ओढली तरी जुनी खाली दिसली पाहिजे.