एफएनएसीवर ईआर, पीआर, हर-टू करायला बसताय? आधी फिक्सेटिव्ह विचारा

ब्रेस्ट एफएनएसी, म्हणजे स्तनाच्या गाठीतून बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी. तिच्या मार्कर्सवर (ईआर, पीआर हे हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रोटीन, अँटिबॉडीने रंगवून बघतात ते) नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. फिक्सेटिव्ह म्हणजे पेशी टिकवून धरणारं द्रव. १ टक्का न्यूक्लियस रंगले तरी ईआर पॉझिटिव्ह, १ ते १० टक्के असतील तर लो पॉझिटिव्ह लिहायचं, हे तुम्हाला पाठ असणारच. माणूस अडकतो तो तिथे नाही, कंट्रोलपाशी, म्हणजे रंग नीट चढतोय का हे बघायला सोबत रंगवलेल्या, निकाल आधीच माहीत असलेल्या स्लाइडपाशी.

पॉझिटिव्ह कंट्रोल मस्त गडद ब्राऊन आलेला, पेशंटची स्लाइड कोरी, मग काय, ईआर निगेटिव्ह लिहायचं आणि पुढे जायचं. थांबा. तो कंट्रोल कशाचा आहे ते बघा. बहुतेक वेळा तो सर्जरीच्या टिश्यूचा असतो, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास नीट फिक्स झालेला. आणि तुमचं सॅम्पल सुईतून निघून थेट अल्कोहोलमध्ये गेलंय नाहीतर हवेत वाळलंय. म्हणजे कंट्रोलने एवढंच सांगितलं की अँटिबॉडी आणि डीएबी (ब्राऊन रंग देणारं रसायन) काम करतायत, तुमच्या पेशींमधलं अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रोटीन) शाबूत आहे का ते त्याला माहीतच नाही. हे मी परत परत सांगतेय कारण मला स्वतःला हे उमगायला फार वेळ गेला आणि पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. फॉर्मालिन प्रोटीन्सना एकमेकांत बांधून ठेवतं, रिट्रीव्हल (रंगवण्याआधी अँटिजेन मोकळं करण्याची पायरी) त्या गाठी सोडवायला असतं. अल्कोहोल प्रोटीन्स गोठवतं, तिथे तोच प्रोटोकॉल डोळे मिटून लावला तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि हर-टू उलट खोटा ३+ (० ते ३+ मोजपट्टीवर सगळ्यात जोरदार पॉझिटिव्ह). एकीकडे पेशंटची हार्मोनविरोधी गोळी हुकते, दुसरीकडे गरज नसताना ट्रॅस्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध) सुरू होतं, ज्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो.

म्हणून शक्य तिथे एक जादा पास (सुई आणखी एकदा घालणं) मागा आणि फॉर्मालिनमध्ये सेल ब्लॉक (पेशी गोळा करून टिश्यूसारखा मेणाचा ब्लॉक) करा. स्मिअरवरच (काचेवर पसरलेल्या पेशींवरच) करावं लागणार असेल तर कंट्रोलही तसाच हवा: ईआर माहीत असलेल्या ताज्या ट्यूमरमधून सुईने पेशी काढायच्या आणि पेशंटच्या स्मिअरसारख्याच फिक्स करायच्या. स्लाइडवर साध्या, कॅन्सर नसलेल्या डक्टल (दूधनलिकेच्या) पेशींचा एखादा पुंजका असेल तर तो आधी शोधा, त्यातल्या काही पेशी ईआरला रंगलेल्या दिसल्या तर जीव भांड्यात पडतो, म्हणजे त्या स्लाइडवर अँटिजेन शाबूत आहे.

दुसऱ्या लॅबचा प्रोटोकॉल वहीत उतरवून घेणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, आपल्या फिक्सेटिव्हवर व्हॅलिडेट केलेलं नसेल तर तो कागदच आहे. आणि माझं स्पष्ट मत, यातले खरे गुरू म्हणजे जुने टेक्निशियन, सॅम्पल कशात आणि किती वेळ होतं हे रिक्विझिशनच्या (तपासणी मागवणाऱ्या) कागदापेक्षा त्यांना पक्कं माहीत असतं.

सुरुवातीला हर-टूची प्रत्येक स्लाइड २+ (मधली, ठाम न सांगता येणारी) वाटते, घाबरू नका, सगळ्यांना वाटते. खरंच २+ असेल तर फिशला (हर-टू जीनच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजणाऱ्या टेस्टला) पाठवा. सायटॉलॉजीत न्यूक्लियस अख्खे मिळतात, सेक्शनसारखे कापले जात नाहीत, त्यामुळे सिग्नल मोजायला उलट बरं पडतं.

एक मात्र नक्की सांभाळा. एफएनएसीवर इन सिटू (नलिकेतच असलेला कॅन्सर) की इन्व्हेझिव्ह (बाहेर पसरलेला) हे कळत नाही आणि हर-टू डीसीआयएसमध्येही (नलिकेतल्या इन सिटू कॅन्सरमध्येही) पॉझिटिव्ह येतो. त्यामुळे स्तनातल्या मूळ गाठीसाठी कोअर बायोप्सी (जाड सुईने घेतलेला टिश्यूचा तुकडा) होत असेल तर मार्कर्स तिच्यावरच करा. नोड किंवा लिव्हरमधल्या मेटास्टॅसिसवर (तिथे पसरलेल्या कॅन्सरवर) मात्र कधीकधी सुईतलंच तेवढं हाती असतं, तिथे रिपोर्टमध्ये फिक्सेटिव्ह लिहा, आणि ईआर निगेटिव्ह आला तर मूळ ट्यूमरच्या रिपोर्टशी ताडून बघितल्याशिवाय सही करू नका.