गेम कुठं गंडवतोय ते पकडायची सवय

गावाकडचे चुलत-मामे भाऊ सुट्टीत भेटले की एकच विचारतात, दादा गेम खेळून लाइफमध्ये काही होतं का रे, आणि त्यांच्या आया मागून माझ्याकडं अशा बघतात की मी आता सरळ 'नाही' म्हणून टाकावं. मी भुसावळचा, बीएस्सी फिजिक्स जळगावला केलं, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. खरं सांगायचं तर नुसतं खेळून काही होत नाही. पण गेम किंवा सायफाय स्टोरी आपल्याला कुठं गंडवतेय हे पकडायची सवय लागली ना, तर फिजिक्सही डोक्यात बसतं आणि खेळायलाही जास्त मजा येते. जे आता सुरू करतायत त्यांच्यासाठी लिहितोय, रँक पुश करणाऱ्यांसाठी नाही, त्यांचं चालू द्या.

मला हा नाद लावला कर्बल स्पेस प्रोग्रामनं. रॉकेट जोडायचं, उडवायचं, ते फुटणार, परत जोडायचं, असा तो गेम, फुल व्हर्जन २०१५ ला आलं. त्यातल्या ग्रहाभोवती फिरत राहायला सेकंदाला साधारण २.३ किलोमीटर वेग पुरतो आणि आपल्या पृथ्वीभोवती खालच्या ऑर्बिटमध्ये लागतो ७.८ च्या आसपास. एवढा फरक बघून वाटेल की गेमवाल्यांनी आकडा ढापला, पण तसं नाहीये भो. गेममधल्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१, गुरुत्वाकर्षण मात्र दोन्हीकडं सारखंच ठेवलंय. अकरावीच्या पुस्तकातलं जी गुणिले आरचं (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, आर म्हणजे त्रिज्या) वर्गमूळ काढा, एकीकडं २.४ येतं आणि एकीकडं ७.९, थोडं वर गेलं की जरा कमी. म्हणजे आकडा बरोबर आहे, गंडवागंडवी दुसरीकडंच आहे.

कुठं, तर एवढ्याशा ग्रहावर पृथ्वीइतकं गुरुत्वाकर्षण यायला त्याची घनता पृथ्वीच्या दहापटीहून जास्त पाहिजे. पृथ्वीची सरासरी घनता एका घन सेंटिमीटरला ५.५ ग्रॅम, म्हणजे याची ५८ च्या घरात जाते, आणि आपल्याकडचं सगळ्यात जड मूलद्रव्य ऑस्मियम, ते २२.६ लाच थांबतं! मग असा ग्रह कशाचा बनणार, मातीचा नाही, लोखंडाचा नाही, कशाचाच नाही. आता खरा प्रश्न, त्यांनी असं केलं का असेल? कारण खऱ्या मापाचा ग्रह ठेवला तर रॉकेट वर जायला आठ-नऊ मिनिटं आणि वजनातला बहुतेक भाग नुसतं इंधन, नवीन पोरगं वैतागून गेम डिलीटच करेल. छोटा ग्रह केला की काही मिनिटांत ऑर्बिट मिळतं, आणि ऑर्बिटचे नियम मात्र तेच राहतात. मला तर ही आयडिया गेममधल्या कुठल्याही ग्राफिक्सपेक्षा भारी वाटते.

त्याच गेममध्ये अजून एक गोम आहे. तुमच्या यानावर एका वेळी एकाच ग्रहाचं गुरुत्वाकर्षण चालतं, बाकीचे सगळे गप्प. हिशोब सोपा पडतो म्हणून तसं केलंय. पण त्यामुळं आपलं आदित्य एल-१ त्या गेममध्ये नीट पाठवताच येणार नाही, कारण एल-१ हा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचा पॉइंट तयारच होतो सूर्य आणि पृथ्वी दोघांची ओढ एकत्र धरली तर. हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मला लॅग्रांज पॉइंट (एल-१ हा त्यातलाच एक) समजला, त्याआधी नुसता पाठ होता. चांद्रयान-३ चंद्रावर पोचायला १४ जुलै ते २३ ऑगस्ट लागले आणि अपोलो ११ तर तीन-चार दिवसांत चंद्रापाशी, असं का, हेही गेममध्ये कमी इंधनाचं रॉकेट घेऊन स्वतः करून बघा, पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आल्यावरच इंजिन थोडं थोडं पेटवून कक्षा लांबवत न्यायची. पेपरमध्ये ती अंड्यासारखी वर्तुळं छापून आली होती, त्यांचा अर्थ मग लागतो.

गेम विकत घ्यायचा नसेल तर ऑर्बिटर नावाचा सिम्युलेटर फुकट आहे, त्यात ग्रह खऱ्या मापाचे आहेत, पण अवघड आहे, पहिल्यांदा डोकं फिरेल. माइनक्राफ्टसारखं काही पाहिजे तर लुआंटी बघा (पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणायचे), तोही फुकट. माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोनचा (म्हणजे गेममधल्या वायरचा) सिग्नल १५ ब्लॉकपर्यंत जातो, पुढं न्यायचा तर रिपीटर लावावा लागतो, आणि टॉर्च लावली की सिग्नल उलटा होतो, म्हणजे झालं तुमचं नॉट गेट. सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये पोरं रडत होती तेव्हा मी निवांत होतो.

माइनक्राफ्टमध्ये पाण्याचे दोन सोर्स तिरपे ठेवून बाजूची जागा भरली की पाणी कधी संपतच नाही, बादल्याच्या बादल्या काढा. तापीचं पात्र एप्रिलमध्ये बघितलेल्या माणसाला हे बघून हसूच येईल. म्हणजे फुकटची एनर्जी. यावरून एक आठवलं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात एका चाकाचं वर्णन केलंय, आऱ्या पोकळ, त्यात अर्धा पारा भरून तोंडं बंद करायची आणि चाक म्हणे आपोआप फिरत राहणार. माझ्या मते हा आपल्याकडचा झकास सायफाय प्रॉप आहे. आणि हे लांबचं नाही बरं, चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे त्यात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं लिहिलंय. पाटणादेवीला पिकनिकला सगळे जातात, शिलालेखाचं कोणी विचारत पण नाही, असो. ते चाक का फिरत राहत नाही हे कागदावर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) काढून स्वतः शोधा, उत्तर लगेच नेटवर बघू नका.

सायफाय वाचायची सुरुवात मराठीतूनच करा, जयंत नारळीकर घ्या. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप अशा टोपणनावानं पाठवली, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस आलं. त्यांच्या कथांमध्ये खरं सायन्स कुठं संपतं आणि कल्पना कुठं सुरू होते तो सांधा शोधायला लई मजा येते. जुन्यांमध्ये ज्यूल व्हर्न. १८६५ च्या त्याच्या कादंबरीत माणसांना ९०० फुटी तोफेतून चंद्राकडं उडवतात, वेग सेकंदाला जवळपास ११ किलोमीटर. आता व्ही स्क्वेअर इज इक्वल टू टू ए एस (वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर) लावा, त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारपटीच्या वर जातं, आतल्या माणसांची जागेवर शेंगदाण्याची चटणी! तरी वेगाचा आकडा मात्र त्यानं बरोबर धरलाय, पृथ्वीच्या ओढीतून सुटायला ११.२ लागतात. चूक पकडली म्हणून गोष्ट टाकून देऊ नका, हा मुद्दा मी मुद्दाम सांगतोय कारण नवीन पोरं दोन चुका सापडल्या की लगेच 'हे सगळं फालतू' म्हणून मोकळी होतात, तो प्रकार बोअर आहे.

करिअरचं विचाराल तर थोडक्यात. गेम खेळता येणं आणि गेम बनवता येणं ह्यात लई अंतर आहे, बनवायचं असेल तर स्क्रॅच, मग गोडो, गेम बनवायची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, आणि गणित सोडू नका. मी गेम बनवत नाही, पण टेस्टिंगला ही सवय थेट कामाला आली. पॅकमॅनमध्ये २५६ व्या लेव्हलला अर्धी स्क्रीन कचरा होते कारण लेव्हलचा आकडा आठ बिटमध्ये ठेवलाय आणि त्यात २५५ च्या पुढं जागाच नाही. माझं रोजचं काम म्हणजे असे २५५ शोधत बसणं, फक्त ते बिलाच्या आणि तारखांच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. फ्रेशरला एक सांगतो, गेममध्ये बग दिसला की 'गेम हँग झाला' एवढंच लिहू नका, कोणत्या जागी, काय दाबलं, परत केलं तर परत होतं का, हे लिहायची प्रॅक्टिस करा. इंटरव्ह्यूत हेच विचारतात.

लॅपटॉप कोणता घेऊ, हा प्रश्न येणारच म्हणून सांगून ठेवतो, लुआंटी जुन्या मशीनवर पण चालतं, कर्बलला जरा बरं मशीन लागतं. आणि मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्रीत गेम स्लो झाला तर व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारू नका, प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा स्पीड स्वतःच कमी करतो. पंख्यातली धूळ साफ करा, गादीवर ठेवून खेळू नका, आणि एअर कूलरच्या थेट समोर तर बिलकुल ठेवू नका, ती हवा ओली असते.