मॉडेल विमान मळवताना या चुका टाळा

माझे मामा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात होते. मिग-२१ तिथे बनायची तो काळ. दोन वर्षांपूर्वी गणपतीला ते ठाण्याला आमच्याकडे आले, तेव्हा मी मोठ्या हौसेनं १/४८ मापातलं माझं मिग त्यांच्या हातात ठेवलं. तीन महिने खपून बनवलेलं. पंखांच्या कडांवर तपकिरी गंज, रिव्हेटच्या ओळींतून खाली ओघळलेले तांबूस डाग, पोटाखाली काळं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांजवळ धरून उलटसुलट केलं आणि विचारलं, "अरे, हे खाडीतून काढलंस का?"

"मामा, भरपूर उडालेलं विमान दाखवायचं होतं."

"मग उडालेलं दाखव की. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज कधी चढतो? तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं पातेलं बघ एकदा."

वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरून मळलेलं दाखवायची कला, मी शिकलो ते रणगाड्यांचे व्हिडिओ बघून. रणगाडा पोलादाचा, त्याला गंज शोभतो. विमानाची कातडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ती निस्तेज होते, करडी पडते, फार तर पांढरी भुकटी धरते. मिगवर तपकिरी-निळसर छटा दिसते ती शेपटीशी, जिथे इंजिनाच्या तोंडाजवळचा धातू उष्णतेनं करपतो. ती जळकट छटा वेगळी आणि गंज वेगळा.

तेव्हापासून विमानावर कुठलाही डाग टाकण्याआधी मी त्याला विचारतो, बाबा, तू आलास कुठून? उत्तर मिळालं नाही तर डाग टाकत नाही.

हा प्रश्न विचारायला लागलात की अर्ध्या चुका आपोआप गळतात. तेल गळलं तर ते जमिनीवर उभ्या विमानात खाली ओघळतं, पण उडताना तेच तेल वाऱ्यानं मागे फासलं जातं. म्हणून पोटावरचे बहुतेक ओघळ नाकाकडून शेपटीकडे जातात. आपण मात्र मॉडेल हातात उभं धरून ब्रश वरून खाली ओढतो आणि विमानाची भिंत करून टाकतो, पावसाळ्यात सोसायटीची दिसते तशी. सोव्हिएत विमानांतलं हायड्रॉलिक तेल लालसर असतं, तेव्हा चाकांच्या कप्प्याजवळ किंचित लालसर-तपकिरी पातळ डाग खपतो, पण तिथेच. तंत्रज्ञ पंखावर चढतात ते मुळाशी, त्यामुळे बुटांची मळ पंखाच्या मुळाशी. टोकाला कुणी उभं राहत नाही. जी झाकणं रोज उघडतात त्यांच्या कडांचा रंग उडतो, वर्षातून एकदा उघडणाऱ्यांचा नाही.

रंगाचे टवके, ज्याला आपण चिपिंग म्हणतो, तेही असंच. भारताचं मिग-२१ एफएल मुळात उघड्या धातूचं, चांदीसारखं. १९७१च्या युद्धाच्या सुमारास त्यांपैकी बऱ्याच विमानांवर घाईघाईनं हिरवे-तपकिरी पट्टे चढवले गेले. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली त्यांतही मिग-२१ होती. अशा घाईत चढवलेल्या रंगाखालून धातू डोकावला तर ते खरं वाटतं. नंतरच्या काळातल्या, रीतसर रंगवलेल्या करड्या बायसनवर (मिग-२१चीच सुधारित आवृत्ती) तसेच चांदीचे शिंतोडे उडवलेत, तर ते फक्त तुमच्या हातात स्पंज आहे एवढंच सांगतात.

स्पंजाचं तंत्र सोपं आहे आणि म्हणूनच घात करतं. पॅकिंगच्या फोमचा तुकडा चिमटीत धरायचा, चांदी रंगात टेकवायचा आणि मग कागदावर इतका टिपायचा की आता यात काही उरलंच नाही असं वाटावं. तेव्हा विमानाला लावायचा. बहुतेक जण कागदावर दोनदाच टिपतात. शंका असेल तर चांदी रंगाची साधी पेन्सिल घ्या. चूक झालीच तर ओल्या बोटानं पुसता येते.

इथे एक हिशोब डोक्यात ठेवा. १/४८ मापात तुमचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ४८ मिलिमीटर, ७२च्या मापात ७२. ठळक दिसावा म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा टवका काढलात, तर ७२च्या विमानावर तो साडेतीन सेंटिमीटरहून मोठा झाला, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा. अशी शंभर नाणी पंखावर पेरली तर ते विमान उडायला नाही, भंगारात चाललंय. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, १/४८ मध्ये जेमतेम १५ सेंटिमीटर. या तळहाताएवढ्या जागेत किती मळ मावते ते आधी ठरवा.

पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेघांत, काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) भरणं ही याच हिशोबाची दुसरी चूक. सगळ्या रेघा सारख्या काळ्या केल्या की विमान शाळेच्या वहीतल्या चौकटींसारखं दिसतं. हलणाऱ्या भागांच्या, म्हणजे एलेरॉन, फ्लॅप, रडर यांच्या फटी खरोखर खोल असतात, तिथे गडद चालतो. बाकी पत्र्यांचे सांधे रंगाच्याच एक-दोन छटा गडद ठेवावेत. करड्यावर गडद करडा, हिरव्यावर काळपट हिरवा. पांढऱ्यावर काळा तर कधीच नको. आणि काही विमानांवर रेघच नको असते. पी-५१ मस्टँगच्या पंखाचे सांधे कारखान्यात पुट्टी भरून घासून गुळगुळीत करायचे, हवा सुरळीत वाहावी म्हणून. किटमध्ये मात्र त्या रेघा कोरलेल्या असतात आणि आपण इमानदारीनं त्यात वॉश भरतो.

संदर्भाला फोटो बघा, पण संग्रहालयातल्या विमानाची मळ उचलू नका. मी स्वतः वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये जाऊन मारुत या भारतीय लढाऊ विमानाचे पन्नास फोटो काढून आणले होते. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँकच्या हाताखाली घडलेलं, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं ते विमान. आकार समजून घ्यायला, चाकांचे कप्पे बघायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण अंगणात वर्षानुवर्षं उन्हापावसात उभ्या असलेल्या विमानाचा रंग त्या उन्हापावसानं बिघडलेला असतो. मधल्या काळात कुणी हात फिरवला असेल तर तोही त्यात मिसळलेला. मला सेवेतलं विमान हवं होतं, मी बागेतलं बनवत होतो.

आता ठाण्याच्या हवेबद्दल

कारण वरचं सगळं जमलं तरी जून ते सप्टेंबर आपलं विमान हवाच बिघडवते. मी राहतो वर्तकनगरला, रंगकामाची जागा म्हणजे काच लावून बंद केलेली बाल्कनी. कपडे तीन दिवस वाळत नाहीत तिथे रंग काय वाळणार!

सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट म्हणजे वार्निश दुधाळ होणं. थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थरात अडकते. सकाळी बघावं तर विमानावर धुकं. लॅकर आणि स्प्रे कॅनच्या बाबतीत हे हमखास. घाबरून लगेच दुसरा जाड थर मारू नका, घासायलाही घेऊ नका. हवा कोरडी होईपर्यंत थांबा आणि मग त्याच प्रकारचं, सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर एअरब्रशमधून (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारं पेन) अगदी हलकं फवारा. थर पुन्हा मऊ होतो, अडकलेली वाफ सुटते आणि बरेचदा पारदर्शकपणा परत येतो. मॅट वार्निशची पांढरी भुकटी असेल तर वरून ग्लॉसचा थर द्या, ती बरीचशी नाहीशी होते, नंतर चांगल्या दिवशी मॅट. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र घ्या. ७० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर मी पारदर्शक थराला हात लावत नाही. एसीच्या खोलीत विमान वाळवायला ठेवतो, फवारायला कधीच नाही. बंद खोलीत थिनरचा वास घेत बसणं म्हणजे फुप्फुसांशी वैर. खिडकी, एक्झॉस्ट पंखा आणि वाफ शोषणारा मास्क, कापडी नव्हे.

कॉम्प्रेसरमध्येही पाणी साचतं. फवारा मध्येच थुंकला, रंगात गोल डाग पडले, तर दोष रंगाचा नाही. टाकीखालचा नळ उघडा, ओलावा अडवणारी बाटली रिकामी करा. पावसाळ्यात मी दर पंधरा-वीस मिनिटांनी बघतो. दाब १५ ते २० पीएसआय पुरतो.

थिनरवरून आठवलं. ऐन रविवारी थिनर संपलं म्हणून मी एकदा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाच्या पॉलिशला वापरतात ते एनसी थिनर आणलं. रंग मस्त पातळ झाला. फवारल्यावर पंखावरचे कोरीव रिव्हेट माझ्या डोळ्यांदेखत विरघळले, मेणबत्तीसारखे. प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनचं आहे, त्याला हे थिनर खातं. प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा. टॅमिया कंपनीचा अ‍ॅक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये छान मिसळतो. तेच अल्कोहोल व्हॅलेहो कंपनीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये घातलंत तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि एअरब्रश तुंबतो. एनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. नवीन जोडी आधी टाकाऊ चमच्यावर करून बघायची, विमानावर नाही.

वॉश एनॅमलचा असेल तर खाली अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्यावर ग्लॉसचा थर हवा, नाहीतर पुसताना रंगही निघतो. वॉश सांध्यांत तुंबवू नका. पातळ थिनर ताण असलेल्या प्लॅस्टिकमध्ये शिरतं आणि चाकांचे पाय कटकन मोडतात.

डिकॅल्सची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांची, गोष्ट थोडक्यात. खाली चकचकीत पृष्ठभाग नसेल तर फिल्मखाली हवा राहते आणि तिरंगी गोलाभोवती चंदेरी झालर दिसते. आधी ग्लॉस, मग डिकॅल. झालर आलीच तर सुईनं बारीक भोकं पाडून त्यावर मऊ करणारं द्रावण सोडा, रात्रभर ठेवा, लागलं तर पुन्हा. द्रावण पडल्यावर डिकॅल सुरकुततं, तेव्हा बोट लावायचा मोह आवरा. ते स्वतःच सपाट होतं. जुना किट असेल आणि कागद पिवळा पडला असेल तर खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस ऊन खाऊ द्या, पिवळेपणा बराच जातो. ठाण्यात ते काम मेमध्येच उरकून घ्यावं.

चिकटवताना

कॉकपिटच्या काचेला फेविक्विक नको. त्याची वाफ आतून पांढरा पडदा धरते आणि तेव्हा काच बंद झालेली असते. साधा फेविकॉल लावा, वाळला की पारदर्शक होतो.

फेविकॉल मात्र नाकातल्या वजनासाठी नको, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. मिगसारखं पुढे चाक असलेलं विमान वजन न घालता जोडलं तर शेपटीवर बसतं, म्हणून नाकाच्या शंकूत शिशाच्या गोळ्या घालतात. कोळी जाळ्याला लावतात त्या स्वस्त मिळतात. त्या फेविकॉलमध्ये भरल्या तर आम्लाची शिशावर प्रक्रिया होते, पांढरा थर वाढत जातो, आकारमान फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी नाकाचा सांधा उघडतो. आपल्याला वाटतं पुट्टी बसली. शिसं अराल्डाइटनं बसवा, हात साबणानं धुवा.

पुट्टी खरोखरही बसते. द्रावक उडाला की ती आक्रसते, आणि दुसऱ्या दिवशी घासून लगेच रंगवलेला सांधा महिन्याभरानं भुतासारखा परत उगवतो. पावसाळ्यात मी चार दिवस देतो. सांध्यात फेविक्विक भरलं असेल तर उलटं, तासाभरात घासा, नंतर ते प्लॅस्टिकपेक्षा टणक होतं आणि आजूबाजूचंच झिजतं.

मामांनी नापास केलेल्या मिगवरचा गंज मी एनॅमल थिनरनं पुसून काढला. आता शेपटीला जळकी छटा, पंखाच्या मुळाशी बुटांची मळ, चाकाच्या कप्प्याशी एक लालसर डाग आणि चाकांच्या तबकड्या हिरव्या, रशियन पद्धतीच्या. आर्द्रतेचं यंत्र आज ८८ दाखवतंय. विमान डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मॅटचा शेवटचा हात दिवाळीनंतर.