साथीला बसताना: व्हायोलिनवाल्यांसाठी थोडं

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं तिसऱ्या महिन्यात विचारतात, "मॅडम, स्टेजवर सोलो कधी?" मी म्हणते, आधी साथीला बस. तीस वर्षं सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात मी गायकांच्या मागेच वाजवलंय. घर त्यावर आणि शिकवण्यांवर चाललं. त्यामुळे हे जे सांगतेय ते साथीपुरतंच.

पहिलं काम: दोन दिवस आधी गायकाला फोन करून पट्टी विचारा, म्हणजे त्यांचा सा कुठला ते. मंचावर गेल्यावर विचारलीत तर खुंट्या पिळण्यातच पहिलं गाणं जाईल. पुरुष गायक बहुतेक काळी एक-दोनच्या (पेटीवरची पहिली-दुसरी काळी पट्टी) आसपास, बाया काळी चार-पाचच्या. आता एक युक्ती. काळी एकला मी जाड तारेपासून प-सा-प-सा लावते. काळी एकचा पंचम (प) म्हणजे काळी चारच. त्यामुळे त्याच कार्यक्रमात पुढे काळी चारची गायिका आली, तर पहिल्या जाड तारेला आणि तिसरीला हातही लावायचा नाही, तेच आता सा होतात. उरलेल्या दोन तारा काळी एकवरून काळी दोनवर चढवायच्या, की झालं सा-प-सा-प. निवेदक बोलत असतो तेवढ्यात होतं. (आमच्याकडचे निवेदक तर दोन वाद्यं लागतील इतकं बोलतात.) अगदी वर चढवताना बारीक तारेवर तोंड आणू नका, तुटली तर डोळ्यालाच लागते.

बसणं. मांडी घालायची, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, दुसरं टोक डाव्या खांद्याशी. वाद्य असं दोन्हीकडून धरलेलं असलं की डावा हात ते सांभाळण्यातून सुटतो आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घ्यायला मोकळा राहतो. उभं राहून हनुवटीखाली धरणाऱ्यांना हे विचित्र वाटतं, पण एकाच बोटाने म वरून सा पर्यंत घसरून या म्हणजे कारण कळेल. गायकाच्या डाव्या अंगाला बसलात तर तुमचा गजाचा (बो धरलेला) हात त्यांच्याकडे येतो. कोपर लागणार नाही एवढं अंतर सोडा, पण त्यांचा चेहरा दिसला पाहिजे.

आता मुख्य. साथ म्हणजे मागे राहणं. मी तेवीस-चोवीसची असताना एका मैफलीत बागेश्री चालला होता. बुवा मध्य सप्तकात घुटमळत होते, म ध नि, म ध नि, आणि मला कळलं की आता तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) येणार. कळलं म्हणून मी लावला. ते निषादावरच थांबले, वळून माझ्याकडे पाहून हसले आणि खाली उतरून आले. तो षड्ज त्यांनी त्या आलापात लावलाच नाही. चहाच्या वेळी एवढंच म्हणाले, "बाई, कळलं तरी थांबायचं."

म्हणून विलंबितात, संथ लयीत, गायकाचा स्वर कानावर पडला की मग गज हलवा. श्वासाला ते थांबले की त्यांच्याच वाक्याची शेपटी परत द्या, तुमची नवी कल्पना नको. द्रुत तान (जलद स्वरांची माळ) जशीच्या तशी पकडायला धावू नका. ती जिथे टेकते तो स्वर तेवढा धरा. आवाज कमी करायचा असेल तर गज घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) लांब, बोटपट्टीकडे न्या आणि लांबी कमी वापरा. नुसता दाब कमी केला तर आवाज पोकळ येतो, ती वेगळी गोष्ट.

नाट्यगीताला आणि भावगीताला नियम जरा बदलतो. तिथे शब्द वाजवायचे असतात. गज कुठे उलटायचा ते चाल ठरवत नाही, अक्षरं ठरवतात. घरी गाणं तोंडाने म्हणा, शब्द तुटतो तिथे वहीत खूण करा आणि तिथेच गज उलटा. व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'मध्ये शब्द ऐकू आल्यासारखे का वाटतात, ते हे करून पाहिलं की लक्षात येतं. रागदारीसाठी पंडित डी. के. दातार आणि एन. राजम ऐका, दोघांचाही गज गळ्यासारखा चालतो. गजाननबुवा जोशी तर गवईही होते आणि व्हायोलिनवादकही. आपणही थोडं गायला शिकलोच पाहिजे, बेसूर का होईना.

रियाज: रोज वीस मिनिटं तानपुऱ्यावर नुसता षड्ज, एक गज वीस सेकंद पुरेल असा. त्यानंतर एखाद्या ख्यालाचं रेकॉर्डिंग लावून त्याच्यामागे वाजवा. पहिल्या दिवशी नुसत्या मुखड्यावर (बंदिशीच्या पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा) या, बाकी गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यांत अवघड जातं.

पावसाळ्यात गणपतीचे कार्यक्रम असतात आणि नेमक्या तेव्हाच दमटपणाने खुंट्यांचं वागणं बिघडतं. खुंटी घसरत असेल तर फळ्याचा खडू घासा, अडकत असेल तर किंचित कोरडा साबण. तारांचा एक जोड आणि राळ पिशवीत असू द्या. एकदा तिसऱ्या गाण्यात बारीक तार तुटली, बदली तार घरी. उरलेल्या तीन तारांवर तार सप्तकातलं सगळं वर सरकून वाजवलं. लोकांना कळलं नाही, तबलजीला कळलं, तो रात्रभर चिडवत होता.

मानधनाचं आणि गाडीभाड्याचं बोलणं फोनवर पट्टी विचारता तेव्हाच करा, त्यात संकोच नको. आणि घरी आल्यावर, कितीही उशीर झाला तरी, गज सैल करून तारांवरची राळेची पूड पुसून मगच झोपा.