शाळेच्या वाचन उपक्रमाला मुलं कंटाळली? या चुका टाळा

15 ऑक्टोबर, म्हणजे वाचन प्रेरणा दिन आला की पुण्यातल्या शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुस्तकं धरलेल्या मुलांचे फोटो सुरू होतात, बघायला छानच वाटतं, पण त्या मुलांना हे सगळं कसं वाटतंय ते फारसं कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर बाई सगळ्यांसमोर म्हणणार "वाचायला आवडतं ना रे?" आणि अख्खा वर्ग "होऽऽ". यातून काय कळणार?

त्यापेक्षा बिननावाची चिठ्ठी द्या, त्यावर चेहरे काढा. अमेरिकेत मॅकेना आणि किअर या संशोधकांनी 1990 मध्ये अशी प्रश्नावली केली होती, 20 प्रश्न, प्रत्येकाखाली गारफील्ड मांजराचे खूश ते वैतागलेला असे चार चेहरे, मुलानं फक्त गोल करायचा. मौजेच्या वाचनाचे 10 आणि शाळेतल्या वाचनाचे 10 प्रश्न वेगळे, हे मला फार पटतं, कारण घरी 'किशोर' घेऊन लोळणारं पोरगं वाचनाच्या तासाला तोंड वाकडं करू शकतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे ती नोंदवही. नाव, लेखक, पानं, तात्पर्य, पालकांची सही. कोथरूडच्या तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत मी पाहिलं, माकडाची गोष्ट असो नाहीतर आगगाडीची, सगळीकडे तात्पर्य एकच, 'नेहमी खरे बोलावे'. आणि तीच मुलगी आगगाडीची गोष्ट हातवारे करून, बोगद्यातला आवाज काढून सांगत होती! मग वही कशाला, शेजारच्या मैत्रिणीला सांगू द्या की. नाही आवडलं तर पुस्तक अर्धवट सोडायचीही मुभा हवी.

बक्षिसांचं पण जपून. 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या मुलांना आधीच सर्टिफिकेट कबूल केलं, तर नंतर ती मुलं आपणहून कमी चित्रं काढायला लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

एवढं करूनही मूल नाहीच म्हणत असेल तर बाजूला घेऊन हळूच एक पान वाचून घ्या, सगळ्यांसमोर उभं करू नका. बऱ्याचदा जोडाक्षरं अडतात. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात, एक पातळी खालची द्या, आणि प्लीज "हे तर पहिलीचं आहे" असं म्हणू नका.