ट्रॅक्टरवरून बोटीवर येताना: इनबोर्ड इंजिनाचं ऑइल बदलणं

आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड करून सोलापुरात उतरलेल्या पोराच्या हाताखाली आधी येतो ट्रॅक्टर, मग जेसीबी, मग विहिरीवरचं इंजिन. बोट येते ती उजनीमुळे. भीमेवरच्या या धरणाचा फुगवटा माढा, करमाळ्यापासून इंदापूर, भिगवणपर्यंत पसरलाय. त्यावर मासेमारीच्या होड्या आहेत, माणसं पैलतीरी नेणाऱ्या लाँचा आहेत आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीही आहेत. बऱ्याच होड्या वल्ह्यावर नाहीतर मागे टांगलेल्या आउटबोर्डवर चालतात, त्यामुळे नुसत्या इनबोर्डवर, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनांवर, इथे पोट भरणार नाही, हे आधीच सांगतो. गॅरेज सांभाळून करायचं हे काम आहे. पूर्ण वेळ बोटीच करायच्या असतील तर रत्नागिरी, मालवणची वाट धरा.

ट्रॅक्टरचं ऑइल आपण कसं काढतो? खाली शिरायचं, चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट सोडायचा आणि घमेलं लावायचं. इनबोर्डला ही सोय नाही. इंजिन बोटीच्या पोटात बसवलेलं असतं आणि चेंबर आणि तळ यांच्यात अनेकदा हातही जात नाही. बोल्ट असला तरी खाली भांडं ठेवायला जागा नसते. म्हणून ऑइल वरून ओढून काढायचं, डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या, भोकातून नळी घालून हातपंपानं.

त्यासाठी ऑइल कोमट हवं. पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा, पण चालू करण्याआधी समुद्री कॉक, म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, उघडा आहे का बघा. गार करायचं पाणी तिथूनच येतं. बोट ट्रेलरवर असेल तर पाण्याची वेगळी सोय केल्याशिवाय चावी फिरवू नका. पाणीपंपातली रबरी फिरकी कोरडी फिरली की फार लवकर फाटते. इंजिन पेट्रोलचं असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे हवा बाहेर फेकणारा पंखा, लावून इंजिनखोलीतली पेट्रोलची वाफ बाहेर काढायची, चार मिनिटं तरी.

इंजिन बंद करून नळी हळूहळू आत सोडा. तळाला टेकल्याचं बोटांना कळतं. मग केसभर वर घ्या. आता इंजिनाच्या पुस्तकात पाच लिटर लिहिलंय आणि डब्यात साडेतीनच आलं, तर नळी आत वाकून बसलीय असं समजा. वर काढून पुन्हा घाला. नवीन पोरं इथेच घाई करतात, आणि जुन्यात नवं मिसळून पातळी चढते. आणखी एक: गिअरबॉक्सची डिपस्टिक वेगळी असते, तिचं ऑइलही वेगळं असतं. कुठल्या भोकात नळी घालताय ते आधी बघा.

निघालेलं ऑइल बोटांवर घेऊन बघा. काळं असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. हेड पॅकिंग, ऑइल कूलर किंवा सायलेन्सरच्या बाजूनं उलट आलेलं पाणी, कारण काहीही असू शकतं. अशा वेळी नुसतं नवं ऑइल भरून बिल करू नका, मालकाला बोलावून डबा दाखवा.

फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असतो, सोडला की ऑइल सांडणारच. त्याला जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवून पिशवीतच फिरवून काढा, खाली चिंध्या अंथरा. सांडलेलं ऑइल तळातल्या पाण्यात गेलं की तिथला पंप ते सरळ धरणात फेकतो. सोलापूरच्या नळाला येणारं पाणी याच उजनीचं आहे. जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे हाताचं बोट फिरवून तपासा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की चालू करताच धार लागते. नव्या रिंगेला ऑइल लावा, फिल्टर हातानं टेकवा, मग त्यावर लिहिलेलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण आटा, आवळा. बेल्टपाना, म्हणजे पट्टा आवळून फिरवायचा पाना, फक्त काढायला.

ऑइलचा ग्रेड पुस्तकात बघा. बऱ्याच डिझेल इंजिनांना 15डब्ल्यू-40 चालतं. सगळं एकदम ओतू नका. पातळी बोट पाण्यात सपाट असतानाच बघायची, ट्रेलरवर नाक वर असलं की डिपस्टिक खोटं सांगते. चालू केल्यावर प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. मग बंद करून थोडं थांबा, पुन्हा पातळी बघा.

बोटीला किलोमीटर नसतात, तास असतात. इंजिनागणिक 100 ते 250 तास, नाहीतर वर्षातून एकदा. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं, की बोटी काठावर पडून राहतात आणि मालक म्हणतो, "पाणी आल्यावर बदलू की वो." ते ऐकू नका. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल उभ्या इंजिनाचे बेअरिंग खातात, म्हणून बोट ठेवण्याआधी बदलायचं. जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून अधिकृत रिसायकलरकडेच द्या. कुंपणाच्या खांबांना फासायला मागणारे येतील, त्यांना नाही म्हणा.

फिल्टरवर मार्करनं तारीख आणि तास लिहा, तेच वहीत उतरवून मालकाची सही घ्या. पुढच्या वेळी "आत्ताच तर बदललं होतं की" असं निघालं तर वही पुढे करता येते.